सॅमसनचा चुकलेला ठोका

विलायतेहून परत येऊन दीड महिना झाला, तरी आमच्या ओटीवर चहाला येणारं प्रत्येक माणूस तेच विचारतं: राणीचा राजवाडा पाहिलास का? नाही पाहिला. मग तो घड्याळाचा मनोरा? तो बसच्या खिडकीतून पाहिला, पण किती वाजलेत ते दिसलं नाही, कारण पुढच्या सीटवर एका बाईची हॅट होती. मग पाच आठवडे तू तिथे केलंस तरी काय, असं म्हणून मंडळी माझ्याकडे दयेने बघतात. एक ड्रमवाला आणि एक गाणारा यांचं आठ वर्षांचं भांडण निस्तरत होते, असं सांगितलं की ती दया आणखी वाढते. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढते. वाचा, आणि मला पुन्हा विचारू नका.

माझी धाकटी बहीण शालू मँचेस्टरला असते. तिचे यजमान विनायकराव तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. मी अलिबागला मुलींच्या शाळेत गणित शिकवते आणि मे महिन्याच्या सुट्टीत पापड लाटते. शालूने तिकीट पाठवलं तेव्हा आमच्या ह्यांनाही आग्रह केला होता, पण तिथे घराघरांत पंखे नसतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि त्यांचा बेत तिथेच संपला. पंख्याचा आवाज नसेल तर त्यांना झोप येत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या आळीतल्या सारामावशी आल्या. लाल पोह्यांची पिशवी, पांढऱ्या कांद्यांची एक माळ आणि एक काम, असं सगळं माझ्या पदरात टाकलं. सारामावशी बेने इस्राएल, म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यू. त्यांचा सॅमसन माझ्याच वर्गात होता. नाव त्यांच्या पुराणातल्या पहिलवानाचं, पण अंगाने असा की वारा सुटला तर खिशात दगड घालून फिरावं. मात्र हात एका जागी राहायचे नाहीत. तेलाचा डबा, शाळेचं बाक, दुसऱ्याची पाठ, जे मिळेल ते वाजवायचा. आमच्या नानांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, गुरुवारी गाण्याची बैठक असे आणि हा कोपऱ्यात ढोलकी घेऊन बसे. नानांचा एक कायदा होता. गवई समेवर आला आणि ज्याचा हात दाद द्यायला उठला नाही, त्याला चहा मिळायचा नाही. आम्हा दोघांना चहा कधी चुकला नाही.

पुढे सॅमसन मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये ड्रम वाजवू लागला आणि तिथून इंग्लंडला गेला. सुरुवातीला पत्रांत बँडशिवाय दुसरा विषय नसायचा. मग एकाएकी बँडचं नावच बंद. "त्याने वाजवणं का सोडलं, तेवढं विचारून ये गं," सारामावशी म्हणाल्या. "मला पत्रात हवापाण्याच्या गोष्टी लिहितो. मला काय करायचंय तिथलं हवापाणी?"

स्लाऊ

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पोह्यांच्या पिशवीत मनगटापर्यंत हात घातला. हे काय म्हणून विचारलं. तांदूळ, चपटे केलेले, असं मी सांगितलं. ते का चपटे केले, हा त्याचा पुढचा प्रश्न. तुम्ही ओट का चपटे करता, असं मी त्याला विचारलं. त्याने जरा विचार केला, हात झटकला आणि मला जाऊ दिलं. कांद्यांची माळ माझ्या हातावरच्या ओव्हरकोटाच्या बाहीत होती. बाहीबद्दल त्याने काही विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं हे मी सव्वीस वर्षं मुलींना शिकवतेय.

मँचेस्टरला जाण्याआधी चार दिवस लंडनजवळ स्लाऊला सॅमसनकडे राहायचं ठरलं होतं. तो आणायला आला होता. केस पांढरे झालेले, वजन तेवढंच. कारखान्यांच्या वसाहतीत तो मशिनवर काम करतो आणि त्याची बायको रिबेका तिथल्याच एका कँटीनमध्ये. घर नीटनेटकं, पण त्या रस्त्यावरची सगळी घरं एकाच साच्यातली. दुसऱ्या दिवशी मी फिरून आले ती सरळ स्वयंपाकघरात शिरले, खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं. एका पंजाबी बाईने पाणी दिलं. मला वाटलं रिबेकाची मैत्रीण असेल. तिने गरम पराठाही वाढला, मी दोन खाल्ले, आणि मग तिने हळूच सांगितलं की सॅमसनचं घर तीन दारं सोडून पुढे आहे. पराठे उत्तम होते, त्यामुळे मला फारसं ओशाळल्यासारखं झालं नाही.

कांदे ठेवायला रिबेका मला मागच्या अंगणातल्या लाकडी खोपटात घेऊन गेली. तिथे एक मोठा ड्रम आडवा पडलेला. पायाने वाजवतात तो. एका बाजूचं कातडं फाटलेलं, आणि आत बटाटे. तिने माझी माळ बटाट्यांवर ठेवली. मी तिच्याकडे बघत राहिले.

"बघताय काय कुसुमताई, आठ वर्षं झाली," ती म्हणाली. "हा माणूस संडेला टेबलवर बोटं वाजवतो, आणि मी बघितलं की स्टॉप. घरात रेडिओ लावू देत नाही. मी एलियाहू हन्नबीला नवस बोललेय, हा एकदा परत वाजवू दे, पोह्यांचा मलिदा करीन. आता पोहे तर तुम्ही आणलेत. बाकीचंही काहीतरी करा."

मग कांदे सोडून आम्ही दोघी उलट्या बादल्यांवर बसलो आणि तिने सगळं सांगितलं. बँडचं नाव 'कॉपर केटल्स', म्हणजे तांब्याच्या किटल्या. पाच जण. डेलरॉय नावाचा जमैकाचा बस कंडक्टर गाणारा, त्याचे दोन चुलतभाऊ पिपाण्या फुंकणारे, एक गोरा पोस्टमन गिटारवर आणि आमचा सॅमसन. अमेरिकेतले काळे लोक असं गाणं गाऊ लागले होते, पण इंग्लंडात तेव्हा ते करणारे अगदी मोजके. हे पाच जण त्यांतले पहिलेवहिले. गाण्याला म्हणायचं सोल. देवाला मारायच्या हाका, पण निघून गेलेल्या बायकोला मारायच्या, असा त्याचा सगळा जीव. आणि त्यातच पुढे सॅमसनने जे घुसवलं त्याला म्हणू लागले फंक. ते काय, असं मी संध्याकाळी सॅमसनला विचारलं. तो म्हणाला, सगळा भार पहिल्या मात्रेवर टाकायचा, बाकीच्या मात्रा तिच्या तालावर नाचवायच्या.

"म्हणजे सम," मी म्हटलं.

"समच की," तो म्हणाला.

भांडण कशावरून, तर एका ठोक्यावरून. रेकॉर्ड करायला त्यांना एक दुपार मिळाली होती. सगळं गाणं बिनचूक गेलं आणि शेवटच्या कडव्यात, डेलरॉय जिथे सगळ्यात वर जाऊन खाली येतो तिथे, बरोबर समेवर, सॅमसनचा ठोका पडलाच नाही. तिथे नुसतं भोक. पुन्हा करायला वेळ नव्हता, रेकॉर्ड तशीच निघाली. डेलरॉयने सगळ्यांसमोर सॅमसनला सुनावलं, तुला दहापर्यंत सोड, एकापर्यंतसुद्धा मोजता येत नाही. सॅमसनने ड्रम उचलले आणि घरी आला. ज्या दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं, ते त्यानंतर एका शब्दाने बोलले नाहीत.

ठोका का चुकला, असं मी त्याला निघायच्या दिवशी सरळ विचारलं. लक्ष नव्हतं, म्हणाला. नानांच्या बैठकीत तीन-तीन तास ज्याची मात्रा इकडची तिकडे झाली नाही तो मला सांगतोय की लक्ष नव्हतं. मी पुढे विचारणार तोच त्याने गवत कापायचं यंत्र सुरू केलं. त्या गवताला कापण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

मँचेस्टर आणि जरा पुढे

मँचेस्टरला बसमध्ये चढले तर कंडक्टर म्हणाला, कुठे जायचं, लव्ह? मी तिकीट घेतलं आणि खाली उतरेपर्यंत त्याच्याकडे पाहिलं नाही. घरी येऊन विनायकरावांना तक्रार सांगितली. ते हसले आणि म्हणाले, इथे सगळे सगळ्यांना लव्ह म्हणतात, मला पेशंटसुद्धा म्हणतात. मी आमच्या ह्यांना पत्रात कळवलं की लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आणि हा शब्द शेवटी एका कंडक्टरकडून ऐकायला मिळाला. त्याला उत्तर आलं ते घरातल्या नळाच्या दुरुस्तीबद्दल.

शालूच्या वरच्या खोलीत मॉरीन नावाची नर्सिंग शिकणारी मुलगी भाड्याने राहायची. लालबुंद गाल, बोलणं तोफेसारखं. रविवारी शालूकडे डॉक्टरांच्या बायका जमायच्या होत्या. त्यांच्या बोलण्यात पडदे, गालिचे आणि कुणाच्या मुलाला किती मार्क, एवढेच विषय असतात. मी मॉरीनला विचारलं, तू कुठे चाललीस? ती म्हणाली, माझ्या गावी, दुपारच्या डान्सला. मी म्हटलं, मीही येते. शालूने डोळे मोठे केले. मी पायांत ह्यांचे लोकरी मोजे चढवले, साडीवर स्वेटर घातला आणि निघाले.

तिचं गाव म्हणजे बंद पडत चाललेल्या कापडगिरण्यांचं गाव. हॉल मोठा, लाकडी जमिनीचा. दारातच चार पोरं हातातल्या डब्यांतून जमिनीवर पावडर शिंपडत होती. मला वाटलं, एवढा मोठा कॅरम बोर्ड? नाचताना पाय सरकावेत म्हणून शिंपडतात, असं मॉरीन सांगेपर्यंत मी दोन पावलं पुढे गेले होते, आणि तिसरं पाऊल टाकायची वेळ आलीच नाही. मी बसले ती सरळ जमिनीवर. तिघांनी मला उचललं, एकाने खुर्ची आणली, एकाने चहा. विलायतेत पडलं की चहा लगेच मिळतो. पाहुणचाराची ही पद्धत मला आवडली.

विलायती नाचाबद्दल मला आळीतल्या बायकांनी बजावून पाठवलं होतं की बाई गं, डोळे मिटून घे. पण तिथे कुणी कुणाला हातसुद्धा लावत नव्हतं. पोरं एकेकटी नाचत होती, ढगळ विजारी घालून, गंभीर चेहऱ्याने, जणू परीक्षा चाललीय. गिरक्या घेत होती, जमिनीवर पडून उठत होती. गाणी सगळी जुन्या रेकॉर्डवरची. बहुतेक अमेरिकन, असं मॉरीनने सांगितलं. मी चहा पीत ठेका धरून बसले होते.

मग एक गाणं लागलं आणि सगळा हॉल मधल्या जागेकडे धावला. पहिल्या दोन मात्रांतच मी कप खाली ठेवला. तो ठेका मी ओळखला. विजारी बदलल्या, वाद्यं बदलली, पण हात आमच्या आळीतला होता. वरून गाणारा गात होता, दारातून कुणालातरी हाका मारत होता. शेवटचं कडवं आलं. तो वर चढला, आणखी वर गेला, आता हा कुठे उतरणार असं मनात आलं, आणि असा काही अलगद समेवर आला की माझा हात उठला. वा! असं मी मोठ्याने म्हणाले.

तिथे ठोका नव्हता. तिथे ते भोक होतं, आणि त्या भोकात त्या हॉलमधल्या शेकडो गोऱ्या पोरापोरींचे हात वर गेले होते. पंजे उघडे, बोटं छताकडे. नानांच्या ओटीवर गुरुवारी जसे उठायचे तसेच्या तसे. पुढच्या मात्रेला ड्रम पुन्हा आला आणि सगळे नाचू लागले. सॅमसनचं लक्ष नव्हतं म्हणे! त्याचं लक्ष नको तितकं होतं. गाणारा समेवर असा आला, की ठोका मारणारा हात दाद द्यायला वर गेला. मग ठोका कोण मारणार?

हे हात वर करायचं कुणी शिकवलं, असं मी मॉरीनला विचारलं. कुणीच नाही, ती म्हणाली, तिथे दुसरं करणार काय? हे मात्र तिने खरं सांगितलं. तिने आणखीही सांगितलं. या भागातला कुठलाही बँड हे गाणं वाजवतो तो भोकासकट. ज्या ड्रमरला ते भोक नेमकं पाडता येत नाही त्याला कुणी घेत नाही. कितीतरी नव्या गाण्यांत मुद्दाम असंच एक भोक ठेवतात. रेकॉर्डी लावणारा माणूस तर म्हणाला की तो मूळ ड्रमर कुणी थोर डोक्याचा अमेरिकन होता आणि बहुतेक वारला.

मी म्हटलं, तो स्लाऊमध्ये आहे आणि त्याच्या ड्रममध्ये कांदे-बटाटे आहेत. दोघंही खूप हसली. मग मॉरीनने बातमी दिली की या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी वॉटफर्डला केटल्सची जुनी मंडळी पुन्हा एकदा वाजवणार आहेत, इथून एक बस भरून जाणार आहे. ड्रमवर कोण, ते तिला ठाऊक नव्हतं.

पुन्हा स्लाऊ

शालूचा रुसवा पत्करून मी आठ दिवस आधीच स्लाऊला परतले आणि सॅमसनला सगळं सांगितलं. त्याचा एका अक्षरावर विश्वास बसला नाही. यात चूक माझीच. सहावीत असताना, हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी तुला डबा वाजवायला सांगितलंय, असं मी त्याला सांगितलं होतं. त्याने वाजवला, आणि छड्या खाल्ल्या. तेव्हापासून मी सूर्य उगवला म्हटलं तरी तो खिडकीशी जाऊन बघतो.

"बरं, ते सोड," मी म्हटलं. "माझा हात उठला. त्या जागी, आपोआप. तुझाही तसाच उठला होता ना?"

रिबेका दारात उभी होती, तिला हे नवीनच होतं. शेवटी तो टेबलाकडे बघत म्हणाला, "डेलरॉय तसा कधीच गायला नव्हता गं. परत गाईल की नाही कोण जाणे. हात गेला. मला कळलं तेव्हा मात्रा निघून गेली होती."

मग हे त्याला सांगितलं का नाहीस, असं मी आणि रिबेका एकदमच म्हणालो. काय सांगू, तो म्हणाला, स्टुडिओत ड्रमवाला काम सोडून दाद देत बसला म्हणून सांगू? आणि त्याने विचारलं कुठे? आठ वर्षं जपून ठेवलेला राग होता, तो एका वाक्यात थोडाच जाणार. त्याने मला सारामावशींची शपथ घातली की यातलं अवाक्षर डेलरॉयला सांगायचं नाही. मी शपथ घेतली आणि पाळली. खोटं बोलायचं नाही, अशी शपथ त्याने घातली नव्हती.

वॉटफर्ड

रिबेका आणि मी दोन गाड्या बदलून वॉटफर्डला गेलो. डेलरॉय आता बसची नोकरी सोडून तिथल्या एका हॉलची देखभाल बघतो. आडवा, उंच, आवाज मात्र लोण्यासारखा. फरशी पुसत होता. रिबेकाला बघून फडकं हातातच राहिलं. त्याने आम्हाला बसवलं, डब्यातल्या घट्ट दुधाचा चहा केला आणि मसाला घातलेल्या गोड पावात चीज घालून दिलं. ऐकायला विचित्र वाटतं, पण मी परत मागून घेतलं.

तो स्वतःच बोलू लागला. सहा ड्रमर बदलले, प्रत्येकाला सांगितलं की बाबा, ठोका मार. ठोका पडला की लोक ओरडतात, चुकलं म्हणून. गाणं माझं, आणि लोक येतात ते न पडलेल्या ठोक्यासाठी. माझ्याच घरात मी पाहुणा झालोय, असं तो म्हणाला तेव्हा हसत होता, पण ते हसणं काही खरं नव्हतं. पुढच्या रविवारी ड्रमवर कोण, असं मी विचारलं. एक पोरगा ठरवलाय, तो म्हणाला, हात बरा आहे.

मी कप ठेवला आणि सांगितलं, सॅमसनला फार पश्चात्ताप होतोय, एकदा तुझ्याबरोबर वाजवू दे म्हणतो. रिबेकाने पावाचा घास न चावताच गिळला. डेलरॉयने फडकं पिळून ठेवलं. मग म्हणाला, येऊ दे, पण आधी त्याने बोललं पाहिजे. मी म्हटलं, बोलेल ना. घरी येऊन सॅमसनला सांगितलं की डेलरॉयला फार पश्चात्ताप होतोय, ड्रमवरची जागा त्याने तुझ्यासाठी ठेवलीय. सॅमसन खिडकीशी गेला नाही. म्हणाला, येतो, पण आधी त्याने बोललं पाहिजे. मी म्हटलं, बोलेल ना.

त्या आठवड्यात रिबेकाने बटाटे उपसले, नवं कातडं चढवलं आणि ड्रम तीनदा पुसला. काही उपयोग झाला नाही. रविवारी हॉलमध्ये सॅमसनने पायाने पहिला ठोका मारला आणि कांद्याचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत आला. पोस्टमनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जुन्या आठवणींनी गहिवरला, असं मॉरीनबरोबर बसने आलेल्या पोरांना वाटलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मलिद्याचं ताट रिबेकाने मागे झाकून ठेवलं होतं. डेलरॉय आणि सॅमसन एकमेकांकडे बघतही नव्हते. दोघंही दुसऱ्याच्या बोलण्याची वाट बघत होते, छाती पुढे काढून. मी केलं ते बरं केलं का, असं मला त्या पाच आठवड्यांत त्याच क्षणी पहिल्यांदा वाटलं. आज बिनसलं असतं तर पुन्हा जमायचं नव्हतं.

बाकीची गाणी नीट झाली. मग ते गाणं सुरू झालं. हॉल भरलेला, पायाखाली पावडर. शेवटचं कडवं आलं, डेलरॉय वर चढला, खाली आला, समेला शेकडो हात वर गेले, आणि धाडकन ठोका पडला.

हात हवेत तसेच राहिले. कुणाला ते खाली घ्यावेत की नाही ते कळेना. एक पोरगा गिरकी अर्ध्यावर सोडून आपटला. डेलरॉयने मागे पाहिलं, कडवं पुन्हा घेतलं. पुन्हा हात वर, पुन्हा ठोका, बरोबर मात्रेवर, खिळा ठोकल्यासारखा. मागून कुणीतरी ओरडलं की म्हाताऱ्याला गाणं येत नाही. डेलरॉयने हात करून सगळ्यांना थांबवलं.

"तेव्हा मला हवा होता तर तू तो मारला नाहीस," तो सॅमसनला म्हणाला. "आज यांना नकोय तर मारतोस. आणि म्हणे तुला पश्चात्ताप झालाय."

"मला?" सॅमसन म्हणाला. "तुला झालाय ना?"

दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये रुमाल शोधू लागले.

सॅमसनने काड्या मांडीवर ठेवल्या. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण हॉलमध्ये दुसरा आवाजच नव्हता. "आज तू चांगला गायला नाहीस, डेलरॉय," तो म्हणाला. "समेवर आलास, पण नुसता आलास. त्याला आमच्याकडे दाद देत नाहीत. त्या दिवशी तू गायलास. तेव्हा माझा हात गेला." आणि कसा गेला ते त्याने करून दाखवलं.

डेलरॉयने त्या उघड्या पंजाकडे पाहिलं. मग वळून हॉलकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन पोरांचे हात अजून अर्धवट वरच होते. आठ वर्षं तो हे हात बघत आला होता. ते काय आहे हे त्याला आज कळत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. तो स्टेजच्या कडेला बसला.

"आठ वर्षं झाली, सॅम," तो म्हणाला. "एकदा सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं," सॅमसन म्हणाला. "रेकॉर्डवर आहे."

डेलरॉय उठला. त्याने तोंडावरून हात फिरवला, पोस्टमनला खूण केली आणि कडवं पुन्हा घेतलं. ठोका पडला. आता कुणी ओरडलं नाही. त्याने परत घेतलं, परत ठोका पडला, आणि डेलरॉय गाता गाताच हसला. मग त्याने हसणं थांबवलं, डोळे मिटले आणि हॉलमध्ये कुणीच नसल्यासारखा तो गाऊ लागला.

तिसऱ्या वेळी ठोका पडला नाही.